डाव्या पिळाची गाठ

विळा मनगटात घुसला तेव्हा थोरल्यानं पहिली शिवी धाकट्या भावाला दिली. धाकटा तर पंधरा हात लांब, कंबरभर पाण्यात वाकून कापत होता. पण थोरल्याचं आयुष्यभर असंच चालत आलेलं. स्वतःच्या पायाला ठेच लागली तरी चूक दुसऱ्याची.

त्याची बायको, थोरली, काठावर पेंढ्या बांधत होती. शिवी ऐकून तिनं मान वर केली नाही, कारण शिव्यांना मान वर करायची म्हटली तर कामं कधी व्हायची? मग पाणी लाल दिसलं. ती लुगडं खोचून पाण्यात धावली. थोरल्यानं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं होतं आणि बोटांच्या फटींतून रक्त उसळत होतं. जखमेत काहीतरी पांढरं दोरीसारखं तुटलेलं दिसत होतं.

"बघत काय बसलीस? बांध!" तो ओरडला.

तिनं पदराची किनार फाडून कोपराखाली आवळली. धाकटा पाणी कापत आला, भावाला पाठीवर घेतलं आणि काठापर्यंत आणलं. थोरला त्याच्या पाठीवरूनही त्याला बोलतच होता. "हळू चाल, गाढवा. मी काय पेंढी आहे?"

दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टर म्हणाला, आतली शीर तुटलीय, बोटं मिटायला वेळ लागेल, कदाचित मिटणारही नाहीत. थोरल्यानं त्यातलं फक्त 'वेळ लागेल' एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भावाला सांगितलं, "बारक्या, तळ्याच्या पोटातल्या माझ्या गाठी तू मार. माझा हात बरा होईस्तोवर."

"मारतो, दादा," बारक्या म्हणाला. सगळं घर त्याला बारक्याच म्हणायचं. एका पोरीचा बाप झाला होता तरी.

आता ही गाठीची गोष्ट नीट सांगायला हवी, सगळं रामायण तिथंच घडलं. तळ्याच्या काठी तीस घरं, आणि काठ तिसांचा मिळून. तिथं पाणकणीस वाढतं, माणसापेक्षा उंच. त्याची पात कापायची, वाळवायची, चटया विणायच्या, यावर ही घरं जगतात. कापणीआधी घरचा पुरुष उभ्या पाणकणसात शिरतो, चार पाती एकत्र घेऊन गाठ मारतो. एका गाठीपासून दुसरीपर्यंत त्या कापणीपुरतं त्याचं. कापलं की गाठही गेली, जागा परत सगळ्यांची. कुणी आजारी असेल तर दुसरा त्याच्यासाठी गाठ मारतो आणि कापलेल्या पेंढ्या त्याच्या दारात टाकतो. त्याबद्दल कुणी कुणाचे उपकार मानत नाही. 'माझी गाठ' असं म्हणतात. 'माझी जागा' असं कुणी म्हणालं तर लोक हसतात.

प्रत्येकाची गाठ वेगळी. कुणाची दुहेरी, कुणाची वेढ्याची. थोरल्याची उजव्या पिळाची, घट्ट, माणूस होता तशीच. बारक्याची एकट्याचीच डाव्या पिळाची. त्यावरून लोक त्याला चिडवायचे, "काय रे, उलटा जन्मलास काय?" तो हसायचा आणि काही बोलायचा नाही.

तो का बोलायचा नाही, हे एकट्या थोरलीला माहीत होतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा बारक्या सात वर्षांचा, आईवेगळा. थोरला त्याला गाठ शिकवायचा म्हणजे काय, चुकली की पेंढीच्या दांड्यानं बोटांवर मारायचा. पोराची बोटं सुजून कांद्याएवढी व्हायची. थोरलीच्या माहेरी भाऊ नव्हता, म्हणून बापानं तिलाच पाण्यात नेलं होतं, गाठ शिकवली होती. ती डावखुरी, त्यामुळं तिचा पीळ डावा. तिनं चुलीमागं बसून त्या पोराला आपली गाठ शिकवली आणि बजावलं, "कुणाला सांगू नकोस हं." कारण या काठावर बायका पेंढ्या वाहतात, चटया विणतात, गाठ मात्र मारत नाहीत. ज्याची बायको गाठ मारते त्याला गाव विचारतं, मग तू काय करतोस? आणि डाव्या हाताचं तर विचारूच नका. लग्नानंतर आठव्या दिवशी तिनं डाव्या हातानं नवऱ्याला वाढलं म्हणून थोरल्यानं त्याच हातावर पळीचा दांडा हाणला होता. करंगळी अजून वाकडी होती.

तर बारक्यानं यंदा भावाच्या नावच्या गाठी मारल्या, पण पीळ पडला आपल्याच हाताचा. दुसरा कसा पडणार? पोट म्हणजे काठ जिथं आत वळतो ती जागा. तिथलं पाणकणीस सगळ्यात उंच, पात सगळ्यात रुंद, आणि पूर्वीपासून दोघं भाऊ तिथं मिळून कापायचे. त्या आठवड्यात पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या गाठी डाव्या पिळाच्या होत्या. तीसही घरांना ठाऊक होतं की यातल्या निम्म्या थोरल्याच्या.

आणि त्याच आठवड्यात नकाशावाले साहेब आले.

शाळेच्या ओट्यावर मोठा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले तरी वाऱ्यानं तो फडफडत होता. तळं निळं, काठाकाठानं पिवळा रस्ता, रस्त्यालगत घरांच्या चौकोनी रांगा, मधेच थोडं हिरवं. साहेब तरुण होता, बोलायला चांगला होता, उन्हानं त्याचं नाक सोललं होतं.

"काठावर वसाहत होणार आहे," तो म्हणाला. "ज्याची वहिवाट आहे त्याचं नाव लागेल. नाव लागलं की दोन वाटा. जागा द्या आणि पक्कं घर घ्या. नाहीतर जागा ठेवा, ती नकाशात हिरवी राहील, कुणी हात लावणार नाही. ज्याचं नावच नाही त्याचं मात्र मला काही करता येणार नाही. तो टेकडीपलीकडे जाईल."

"वहिवाट म्हणजे कागद का?" होडीवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"कागद, पावती, काहीतरी पुरावा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाण्याची पावती कोण करतं?

तेव्हा थोरला उठला. हात गळ्यात बांधलेला, तरी छाती पुढं. सभेत पहिलं बोलायची हौस त्याला जन्माची. "साहेब, कागद खोटं बोलतो, गाठ बोलत नाही. तीस घरांच्या तीस गाठी. प्रत्येक पुरुषाकडून एकेक गाठ बांधून घ्या, ती घेऊन काठानं फिरा. जिथं ज्याची गाठ दिसेल, तिथं डोळे झाकून त्याचं नाव लिहा!"

साहेब खूश झाला. लोकांनीही टाळ्या वाजवल्या. एकेकानं येऊन पातीला गाठ मारून दिली, साहेबाबरोबर मोजणीला आलेल्या टेपवाल्यानं तिला चिठ्ठी लावली. बारक्यानंही दिली. थोरला म्हणाला, "माझी गाठ हात बरा झाला की देतो. घाई काय आहे?" आणि घरी येताना बायकोला म्हणाला, "बघितलंस? साहेबाला पण अक्कल मीच दिली."

थोरली चालता चालता थांबली. ती म्हणाली, "अहो, पण पोटातल्या गाठी तर बारक्याच्या..."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे त्या कुणाच्या. तू तुझ्या चटया बघ."

गावाला ठाऊक होतं हो. काठ मोजत फिरणाऱ्या टेपला ठाऊक नव्हतं.

यादी लागली ती शाळेच्या दारावर. पोट सगळंच्या सगळं बारक्याच्या नावावर. थोरल्याचं नाव यादीत नव्हतंच. त्यानं दोनदा वाचलं, मग दुसऱ्याकडून वाचून घेतलं. मग वळून होडीवाल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "तुम्ही सांगा ना साहेबांना. तुम्हाला तर माहीत आहे."

म्हातारा विडी विझवत म्हणाला, "आम्हाला काय माहीत बुवा. तुम्हा भावाभावांचं तुम्ही बघा."

बाकीचेही पायाकडे बघत होते. का, तेही सांगून टाकतो. बारक्यानं पोट दिलं आणि रस्ता तिथून गेला तर तो बाकीच्यांच्या दारातून जाणार नव्हता. तीस घरांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या पेंढ्या वाहिल्या, आणि एका नकाशानं सगळ्यांची वाचा बसवली. असल्या शेजाऱ्यांची मला चीड येते.

बारक्या दाराशीच उभा होता. थोरल्यानं डाव्या हातानं त्याची गचांडी धरली. "बोल की! साहेबाला सांग, निम्म्या गाठी दादाच्या आहेत!"

 साहेब समोर होता, वही उघडी होती, एक वाक्य बोलायचं होतं. थोरली गर्दीतून पुढं सरकली. हा पोरगा आता बोलेल असं तिला वाटलं, आत्ता बोलेल. तो बोलला नाही.

थोरल्यानं ओट्यावरचं लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा स्टुलाचा पाय मोडून हातात राहिला तर त्यानंच मारलं. बारक्याचा कान फाटला. तो मार खात भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मार दादा. पण मला कोरडं घर पाहिजे. माझी पोरगी मरायला टेकलीय ओलीत."

ते खोटं नव्हतं. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. थोरल्याकडं उंच जोत्याची कोरडी बाजू, थोरला म्हणून. बारक्याकडं तळ्याकडची. पावसात तिथल्या जमिनीतून पाणी पाझरायचं, भिंतीला बुरशी यायची, आणि चार वर्षांची पोर सगळा पावसाळा खोकायची. खोकताना तिच्या बरगड्या मोजता यायच्या. बारक्यानं एकदा भावाला विचारलं होतं, पावसापुरती खोली बदलू या का. थोरला म्हणाला होता, "उद्या माझं धोतर पण मागशील."

त्या दिवसापासून घरात युद्ध. भिंतीच्या या बाजूनं शिव्या, त्या बाजूनं भांडी आपटणं. थोरल्यानं भावाच्या वाळत घातलेल्या पेंढ्या चिखलात तुडवल्या. बारक्यानं थोरल्याच्या दारातली पाण्याची घागर लाथेनं फोडली. धाकटी जाऊ आधी गरीब गाय होती, तीही पाणवठ्यावर म्हणाली, "ताई, तुम्हाला पोर नाही, तुम्हाला काय कळणार?"

थोरलीनं तिचे केस धरले. धाकटीनं तिच्या दंडाचा चावा घेतला. दोघी पायऱ्यांवरून घसरत गुडघाभर पाण्यात पडल्या, हंडे वाहून गेले, आणि गावच्या बायका काठावर उभ्या राहून तमाशा बघत होत्या. सोडवायला कुणी आलं नाही. शेवटी पोरगी काठावर खोकायला लागली. तशी धाकटी हात सोडून तिच्याकडं धावली. थोरली ओल्या लुगड्यानं पाण्यातच बसून राहिली. दंडातून रक्त येत होतं. तिला रडू आलं ते चाव्यामुळं नव्हे. त्या पोरीची छाती ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी ती बारक्याला गाठायला पोटाशी गेली. तो एकटाच विळ्याला धार लावत होता.

"काय रे, तुला मी भरवलं, न्हाऊ घातलं. त्याचे पांग असे फेडतोस?"

"वहिनी, तुला मी टाकणार नाही. पक्क्या घरात तुला खोली देतो."

"आणि त्यांना?"

दगडावर विळा चर्र चर्र घासत तो म्हणाला, "त्यांनी मला एकदा तरी माणूस म्हटलंय का?"

"अरे, पण पोट गेलं तर कापायचं काय? विणायचं काय? पक्क्या घरात बसून भिंती चाटायच्या?"

"ते मग बघू."

"मेल्या, मग बघायला काय उरणार आहे?"

त्यानं विळा कमरेला खोवला. उठून निघून गेला. तिला त्याच्या फाटक्या कानाला हळद लावावीशी वाटली आणि त्याच हातानं त्याला थोबाडावंसंही वाटलं.

इकडं थोरल्यानं तक्रार केली. साहेबाच्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. "चिठ्ठी लावलेली गाठ कुणीही बांधून देईल. माझ्या वाट्यावर उभं राहून बांधायला लावा. माझा हात बरा होऊ दे, मग बघा गाठ कशाला म्हणतात." साहेबानं तक्रार लिहून घेतली. पण कागद कचेरीतून निघायच्या आधी यंत्र निघालं.

सकाळी आठ वाजता पिवळं यंत्र काठाकाठानं धडधडत आलं आणि पोटाच्या तोंडाशी उभं राहिलं. बारक्या पुढं चालत वाट दाखवत होता. पहिल्या घासात यंत्रानं खाटेएवढं पाणकणीस मुळासकट उचललं. चिखल गळत होता, पाणपक्षी ओरडत उडाले.

थोरला घरातून निघाला तो अनवाणी, डाव्या हातात विळा. थोरली मागं धावली. "अहो, नको! अहो, ऐका!" त्यानं तिला कोपरानं असं ढकललं की ती कुंपणावर पडली.

तो यंत्राकडं गेलाच नाही. सरळ पाण्यात शिरून भावावर गेला. बारक्यानंही कमरेचा विळा काढला. आता दोघं पाणकणसात, नुसती पाती हलताना दिसत होती आणि आवाज येत होते. पाण्याचे, श्वासाचे, आणि एकदा लोखंडावर लोखंडाचा. यंत्रवाला खाली उतरून पळाला. थोरली पाती बाजूला सारत आत घुसली. पात गालाला, गळ्याला कापत गेली.

थोरल्यानं भावाला पाण्याखाली दाबलं होतं. गुडघा छातीवर, उजव्या हाताचा निकामी पंजा तोंडावर. बारक्याचे पाय पाणी झोडत होते. त्याचा विळा कुठंतरी गेला होता. मोकळ्या हातानं त्यानं भावाच्या विळ्याचं पातंच धरलं आणि थोरल्यानं ते ओढलं. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. थोरलीनं जवळची ओली पेंढी उचलून नवऱ्याच्या मानेत हाणली, सगळ्या जोरानं, आयुष्यात पहिल्यांदा. तो बाजूला कलंडला. बारक्या वर आला, खोकला, आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. अंगठा नव्हता. शेजारचं बोट कातडीवर लोंबत होतं.

"वहिनी," तो लहान मुलासारखा म्हणाला, "माझा अंगठा कुठं गेला गं?"

त्या पाण्यात काय सापडणार होतं? तरी ती हातांनी चिखल चाचपत राहिली. थोरला छातीभर पाण्यात बसून ओरडत होता, "त्यानंच धरला! मी नाही, त्यानंच धरला!"

पोलीस आले, थोरल्याला घेऊन गेले. बारक्याचं बोटही काढावं लागलं. यंत्र थांबलं. आठवडाभर घराच्या दोन्ही बाजूंना चूल कशीबशी पेटली. दोन बायका दोन दारांत बसून चटया विणायच्या, बोलायच्या नाहीत. पाचव्या दिवशी पात संपली तेव्हा थोरलीनं आपल्यातली एक पेंढी उचलून धाकटीच्या उंबऱ्यावर टाकली. धाकटीनं वर न बघता ती आत ओढून घेतली.

थोरला जामिनावर सुटून आला तो आणखीनच ताठ. तक्रार मंजूर झाली होती. शुक्रवारी साहेब पोटाशी येणार, दोघं भाऊ उभ्या पाणकणसाला गाठ मारून दाखवणार. जो मारेल त्याचं नाव. कुणालाच नाही आली तर दावा रद्द, जागा रस्त्याला.

तीन दिवस थोरला कोपऱ्यात पात घेऊन बसला. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती, त्यातून पात गळून पडायची. तो दातांनी धरून बघायचा, गुडघ्यांत धरून बघायचा. डाव्या हाताला तर काहीच येत नव्हतं. थोरली विणता विणता बघायची. एकदा म्हणाली, "मी दाखवू?"

त्यानं पाणी प्यायचा तांब्या फेकून मारला. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं.

शुक्रवारी सगळं गाव काठावर जमलं. साहेबाच्या मागं छत्री धरून टेपवाला, बाजूला एक पोलीस. पहिल्यांदा थोरला पाण्यात उतरला. चार पाती डाव्या हातानं गोळा केली, उजव्या पंजानं दाबायला गेला तर ती फाकली. पुन्हा गोळा केली. पुन्हा फाकली. घाम त्याच्या नाकावरून पाण्यात पडत होता. दातांनी धरली तेव्हा गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"राहू द्या," साहेब म्हणाला.

"थांबा! हात ओला आहे!"

"राहू द्या हो आता."

मग बारक्या उतरला. उजव्या हाताला पांढरं गाठोडं. तो प्रयत्न करायलाही गेला नाही. डाव्या हातानं एक पात धरून नुसता उभा राहिला. काठावर धाकटी पोरीला कडेवर घेऊन रडत होती.

साहेबानं उसासा टाकला आणि पेनचं टोपण काढलं. "दावेदार नाही, असं लिहितो."

ते ऐकून थोरलीच्या अंगात काय संचारलं देव जाणे. बावीस वर्षं ज्या पाण्यात ती कंबरेपर्यंत भिजली, ज्या जळवा तिनं मांडीवरून उपटल्या, ते सगळं एका टोपणाच्या आवाजात संपणार? ती चप्पल काढून पाण्यात उतरली.

"मी मारते गाठ."

"बाहेर हो!" थोरला गरजला.

तिनं डाव्या हातानं चार पाती ओढली. तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताची चपराक तिच्या कानशिलावर बसली. ती आडवी पाण्यात गेली, नाकातोंडात चिखल गेला. पण पाती सुटली नव्हती. बुडाल्या-बुडाल्या तिच्या बोटांनी वेढा घातला, शेंडा आत सारला आणि ओढला. ती वर आली तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि मुठीत गाठ होती.

"आता मोजा, साहेब," ती म्हणाली.

साहेबानं वाकून बघितलं. टेपवाल्यानं बारक्याची चिठ्ठी लावलेली जुनी गाठ पुढं धरली. डावा पीळ, शेंडा आत. दोन्ही अगदी सारख्या. साहेबानं वर बघितलं. "ही तर..."

"तिचीच आहे ती," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता, तरी तीसही घरांना ऐकू गेला. "मला वहिनीनंच शिकवली. चुलीमागं बसून. दादा बोटं फोडायचा म्हणून. या पोटातली प्रत्येक गाठ तिची आहे, साहेब."

काठावर कुजबुज उठली. थोरल्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. एवढं होऊनही त्याला जागा वाचली याचा आनंद नव्हता. गाठ बायकोची निघाली, ही आग त्याच्या डोक्यात गेली होती. त्यानं परत हात उगारला, मुठीनं. बारक्या मधे आला आणि त्यानं ती मूठ आपल्या बांधलेल्या पंजावर झेलली. पांढरी पट्टी बघता बघता लाल झाली. बारक्या वेदनेनं वाकला, पण हात खाली घेतला नाही.

"बस, दादा," तो म्हणाला. "आता बस."

पोलीस पाण्यात उतरला तसा थोरल्याचा हात खाली आला.

"कुणाची म्हणून लिहू?" साहेबानं विचारलं.

या काठावर 'माझी जागा' असं कुणी म्हणत नव्हतं. थोरलीनं तीस घरांकडं बघितलं. सगळे तिच्याकडं असे बघत होते, जणू ती तिसांचं काही हिसकावून घेतेय. तिला फार वाईट वाटलं. तरी ती म्हणाली, "माझी."

"देणार की ठेवणार?"

"ठेवणार. पाणकणीस राहील. पुढल्या कापणीला ज्याला यायचंय त्यानं यावं, गाठ मारावी. तुमच्या वहीत काय लिहायचं ते लिहा."

होडीवाल्या म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

मग ती काठावर आली आणि धाकटीच्या कडेवरच्या पोरीच्या पाठीवरून ओला हात फिरवला. "ऊठ, सामान उचल. आजपासून कोरडी बाजू तुमची. आम्ही तळ्याकडं राहू."

"ताई..." धाकटीनं डोळ्यांना पदर लावला.

"रडतेस काय? आधी पोरीचं अंथरूण हलव."

थोरला अजून पाण्यातच होता. निकामी हात पोटाशी धरून, कुणी ओरडायला समोर नाही अशा माणसासारखा उभा. गाव पांगलं, छत्री गेली, तरी तो तसाच. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "आणि मी? मी काय करू आता?"

थोरलीनं तोंडातलं रक्त थुंकलं. चिखलात पडलेला त्याचा विळा उचलला, पदराला पुसला आणि मूठ त्याच्याकडं करून पुढं धरला.

"डाव्या हातात घ्या," ती म्हणाली. "चुकलात तरी मारणार नाही. मी शिकवीन."